तिसऱ्या रिचर्डचे वकील

इंग्लंडच्या गादीवर पुरती सव्वादोन वर्षंही न टिकलेल्या एका राजाची बाजू मांडण्यासाठी शंभर वर्षांपासून एक संघटना चालू आहे. १९२४ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा तिचं नाव ‘फेलोशिप ऑफ द व्हाइट बोअर’ असं होतं. पांढरा रानडुक्कर हे तिसऱ्या रिचर्डचं चिन्ह. आज ती ‘रिचर्ड थर्ड सोसायटी’ म्हणून ओळखली जाते. देशोदेशी तिचे सभासद आहेत आणि त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आमच्या राजावर अन्याय झाला. पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाबद्दल इतकी तळमळ दप्तरखान्यातले कागद वाचून क्वचितच निर्माण होते. ती कादंबऱ्या वाचून निर्माण होते.

राजेरजवाड्यांवरच्या कादंबऱ्या आवडीने का वाचता, असं विचारलं की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, इतिहास कळतो. दुसरं, करमणूक होते, इतिहासाशी आपल्याला काय करायचंय! दोन्ही उत्तरं आळशी आहेत. इतिहासच हवा असेल तर इतिहासकारांची पुस्तकं आहेत, आणि नुसती करमणूकच हवी असेल तर राजा खरा असण्याची गरज काय? या वाचनातली खरी गंमत एका विषमतेत आहे: वाचकाला शेवट ठाऊक असतो, पात्राला नसतो. रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ ला बॉसवर्थच्या रणात मरणार हे आपण पहिल्या पानापासून जाणतो. तो मात्र १४८३ च्या वसंतात सकाळी उठतो तेव्हा त्याला संध्याकाळचंही ठाऊक नसतं. हे अज्ञान जी कादंबरी शाबूत ठेवते ती चांगली. आपल्याजवळची माहिती जी राजाला उसनी देते ती वाईट, मग ती त्याच्या प्रेमात पडलेली असो की त्याच्या जिवावर उठलेली.

मामला तसा घरातलाच. ज्याला इंग्रज ‘वॉर्स ऑफ द रोझेस’ म्हणतात ती मराठीत सरळ भाऊबंदकी: तिसऱ्या एडवर्डच्या वंशातल्या लँकेस्टर आणि यॉर्क या दोन शाखा, मध्ये सिंहासन. रिचर्डचा जन्म २ ऑक्टोबर १४५२ चा. आठ वर्षांचा असताना वेकफिल्डच्या लढाईत वडील गेले. काही महिन्यांत थोरल्या भावाने, चौथ्या एडवर्डने, मुकुट मिळवला. १४६४ मध्ये या भावाने एलिझाबेथ वुडव्हिल नावाच्या विधवेशी गुपचूप लग्न केलं आणि तिच्या मोठ्या गोतावळ्याला दरबार मोकळा झाला. मधला भाऊ क्लॅरेन्स बंडात गेला, परत आला, पुन्हा फिरला, आणि १४७८ मध्ये लंडनच्या टॉवर या किल्ल्यात त्याला मारण्यात आलं. माम्झी दारूच्या पिंपात बुडवून, अशी वदंता. धाकटा रिचर्ड मात्र थोरल्याशी शेवटपर्यंत एकनिष्ठ राहिला. आपण निष्ठेने बांधलेले आहोत, अशा अर्थाचं फ्रेंच ब्रीदच त्याने घेतलं होतं.

मग ९ एप्रिल १४८३ ला चौथा एडवर्ड चाळिशीतच वारला. मागे दोन मुलगे, बारा वर्षांचा आणि नऊ वर्षांचा. अकरा आठवड्यांनी काका राजा झाला होता. त्या वर्षानंतर ती मुलं कुणाला दिसल्याची खात्रीची नोंद नाही. मराठी वाचकाला इथे १७७३ चा शनिवारवाडा आठवणारच. फरक एवढा, की नारायणरावाच्या खुनाची तड लावायला रामशास्त्री होते. लंडनच्या टॉवरच्या वाट्याला तसा कुणी न्यायाधीश आला नाही. ती जागा पुढे नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी भरून काढली.

पहिला निकाल शेक्सपिअरचा. १५९२-९३ च्या सुमारास लिहिलेल्या त्याच्या नाटकात पडदा उघडताच रिचर्ड प्रेक्षकांना सांगून टाकतो, की आपण खलनायक व्हायचं ठरवलं आहे. पाठीला कुबड, हात वाळलेला, भाऊ, पुतणे, बायको सगळ्यांचा काळ. नाटक म्हणून ते अजोड आहे. त्यामागची बरीचशी सामग्री मात्र टॉमस मोरकडून आलेली, आणि मोरचा जन्म १४७८ चा. रिचर्ड राजा झाला तेव्हा तो पाच वर्षांचा. पुढे त्याचं पोरवय गेलं ते जॉन मॉर्टनच्या घरी. या मॉर्टनला रिचर्डने १३ जून १४८३ ला कैद केलं होतं. म्हणजे राजाची कथा त्याच्या शत्रूच्या माजघरात शिजली आणि शत्रूच्या आश्रिताने ती कागदावर वाढली.

ही तऱ्हा मराठीला नवी नाही. मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीने संभाजीराजांची जी काळी प्रतिमा उभी केली, ती घटनांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. आणि बखरकार त्या बाळाजी आवजींच्या वंशातले, ज्यांना संभाजीराजांनी १६८१ मध्ये देहान्त शासन दिलं होतं. त्या प्रतिमेवर नाटकं पोसली गेली. १९६० मध्ये वा. सी. बेंद्रे यांचं चरित्र आलं, कमल गोखल्यांचं संशोधन झालं, तेव्हा कुठे चित्र पालटलं. पण घराघरांत पालटलं ते शिवाजी सावंतांच्या ‘छावा’मुळे, १९७९ नंतर. बेंद्र्यांचा ग्रंथ वाचलेल्या घरांपेक्षा ‘छावा’ वाचलेली घरं कितीतरी जास्त, हे सांगायला मोजणीची गरज नाही.

इंग्लंडमध्ये बेंद्रे आणि सावंत या दोघांचं काम एका बाईने अंथरुणावर पडलेल्या पोलिसाकडून करवून घेतलं. जोसेफिन टे, खरं नाव एलिझाबेथ मॅकिंटॉश, मूळच्या स्कॉटलंडच्या. राजांचं वेड जुनं होतं. गॉर्डन डेव्हियट या टोपणनावाने त्यांनी दुसऱ्या रिचर्डवर लिहिलेलं नाटक तिशीच्या दशकात लंडनमध्ये जॉन गिलगुडने गाजवलं होतं. १९५१ मध्ये आलेल्या ‘द डॉटर ऑफ टाइम’मध्ये इन्स्पेक्टर ग्रँट पाय मोडून इस्पितळात पडला आहे. वेळ जावा म्हणून कुणी त्याला जुन्या व्यक्तिचित्रांच्या प्रती आणून देतं. त्यातला एक चेहरा त्याला न्यायाधीशाचा वाटतो, आणि तो निघतो पुतण्यांच्या खुन्याचा. मग एक तरुण संशोधक ग्रंथालयं धुंडाळतो आणि ग्रँट पलंगावरूनच खटला उभा करतो: रिचर्ड निर्दोष, खुनी बॉसवर्थला त्याला हरवून राजा झालेला पहिला ट्यूडर, सातवा हेन्री. १९९० मध्ये ब्रिटनच्या गुन्हेकथा-लेखक संघटनेने सर्वोत्कृष्ट शंभर पुस्तकांची यादी केली, तिच्यात हे पहिलं आलं. सबंध कादंबरीत गोष्ट त्या खोलीबाहेर पडत नाही आणि तरी पुस्तक हातातून सुटत नाही, ही करामत मान्यच करायला हवी.

वकिली मात्र पक्की एकतर्फी आहे. डॉमिनिक मँचिनी हा इटालियन धर्मगुरू १४८३ च्या उन्हाळ्यात लंडनमध्येच होता. राज्याभिषेकानंतर लवकरच तो परतला आणि त्याच डिसेंबरात त्याने लॅटिनमध्ये सगळी हकिकत लिहून काढली. ती दोन मुलं टॉवरच्या आतल्या दालनांत हलवली गेली, गजांआडून आणि खिडक्यांतून हळूहळू कमी कमी दिसू लागली, मग दिसेनाशी झाली, आणि लोक आताच त्यांच्या मरणाची शंका घेऊन रडत आहेत, असं तो सांगतो. त्याला ना मॉर्टनच्या घरचं अन्न लागलं होतं, ना ट्यूडरांची भीती. तेव्हा ट्यूडर राजे झालेच नव्हते. हे हस्तलिखित १९३४ मध्ये फ्रान्समधल्या लील इथे सापडलं आणि १९३६ मध्ये छापलं गेलं. टे यांच्या कादंबरीच्या पंधरा वर्षं आधी. इन्स्पेक्टर ग्रँटला हा साक्षीदार भेटतच नाही.

शेक्सपिअरचा रिचर्ड राक्षस आणि टेबाईंचा रिचर्ड सज्जन, म्हणून ही दोन चित्रं परस्परविरोधी समजली जातात. बारकाईने पाहिलं तर त्यांचं चांगलंच जमतं. दोन्हींत रिचर्ड पहिल्यापासून ठरलेला आहे. एकाने सगळं आधी योजलं होतं, दुसऱ्याच्या मनात वाईट कधी आलंच नाही. दोघांनाही जणू आपला शेवट ठाऊक आहे आणि दोघे त्याला साजेसं वागत आहेत. ज्याला काहीच ठरवता येत नाही, जो रात्री एक विचार करतो आणि सकाळी दुसरंच करून बसतो, असा माणूस दोघांकडेही नाही. आणि त्या अकरा आठवड्यांत तर तसलाच माणूस वावरताना दिसतो.

तारखा लावून पाहाव्यात. भाऊ वारला तेव्हा रिचर्ड उत्तरेत होता. नवा बालराजा वेल्सच्या सीमेवर लडलोला, मामाच्या, अर्ल रिव्हर्सच्या देखरेखीखाली. २९ एप्रिलच्या रात्री नॉर्थम्प्टनला काका आणि मामा एका पंक्तीला जेवले. ३० तारखेला सकाळी काकाने मामाला कैद केलं. बातमी लंडनला पोचताच राणी धाकट्या मुलाला आणि मुलींना घेऊन वेस्टमिन्स्टर ॲबीच्या आश्रयाला पळाली. ४ मे रोजी काका पुतण्याला घेऊन राजधानीत शिरला, सन्मानाने. राज्याभिषेकाची नवी तारीख ठरली, २२ जून; सगळी तयारी पुतण्याच्या अभिषेकाची. इथवर रिचर्ड रखवालदार आहे, फार तर भावाच्या सासुरवाडीच्या मंडळींना धाकात ठेवू पाहणारा दीर. १० जूनला तो यॉर्क शहराला पत्र लिहितो: फौज पाठवा, राणीच्या माणसांपासून धोका आहे. तीनच दिवसांनी, १३ जूनला, टॉवरमधल्या मसलतीत लॉर्ड हेस्टिंग्जला धरून तिथल्या तिथे शिरच्छेद. खटला नाही, काही नाही. हा हेस्टिंग्ज थोरल्या भावाचा जिवलग, वुडव्हिलांचा वैरी आणि तोवर रिचर्डचाच पाठीराखा! १६ तारखेला आश्रयातून धाकट्या मुलाला बाहेर काढलं. २२ तारखेला, ज्या दिवशी पुतण्याचा अभिषेक व्हायचा, लंडनमध्ये प्रवचन झालं की चौथ्या एडवर्डचं लग्नच बेकायदा, मुलं अनौरस. २५ ला उत्तरेत मामाचा शिरच्छेद. २६ ला रिचर्ड गादीवर.

कारस्थान नेमकं कुठल्या दिवशी सुरू झालं? ९ एप्रिललाच, असं म्हणणाऱ्याला १० जूनपर्यंतची संथ गती समजावून द्यावी लागते. कारस्थान नव्हतंच, असं म्हणणाऱ्याला १३ जून अडवतो. १० आणि १३ जूनच्या मधले तीन दिवस हेच या कथेचं मर्म आहे, आणि त्यांच्याबद्दल कागद जवळपास मुके आहेत. हेस्टिंग्ज उलटला होता का? की उलटेल अशी भीती होती? लग्नाबद्दलची गोष्ट रिचर्डच्या कानावर त्याच दिवसांत आली का, आणि आली तर त्याला ती खरी वाटली की सोयीची? इतिहासकार अशा जागी शक्यता मांडून पुढे सरकतो; तो त्याचा धर्मच आहे. कादंबरीकाराला पुढे सरकता येत नाही. त्याच्या पात्राला ११ जूनची रात्र काढायची असते, कुणाशी तरी बोलायचं असतं, झोपायचं असतं.

आणखी अवघड जागा पुढच्या वर्षी येते. १ मार्च १४८४ रोजी रिचर्डने सरदारांसमोर शपथ घेतली की भावजयीच्या मुलींना आपण सांभाळू, कैदेत टाकणार नाही, त्यांची लग्नं लावून देऊ. त्यानंतर एलिझाबेथ वुडव्हिलने मुली आश्रयातून बाहेर काढल्या आणि त्याच्या दरबारी धाडल्या. ज्याने आपली दोन मुलं मारली असं जग म्हणतं, त्याच्या हाती आई मुली देते? मुलं जिवंत असल्याचं तिला कळलं होतं? खुनी दुसराच कुणी, अशी तिची खात्री झाली होती? की मुलं गेली ती गेली, उरलेल्यांचं भलं बघू, असा थंड हिशेब? हे वाचताना जी बेचैनी वाटते ती इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातून कधी येणार नाही. फिलिपा ग्रेगरींनी ‘द व्हाइट क्वीन’ (२००९) मध्ये या राणीला निवेदक केलं ते बरोबर ओळखून. पण मग धाकट्या मुलाऐवजी भलताच पोर टॉवरला पाठवल्याची युक्ती आणि घराण्यातल्या जादूटोण्याचा मसाला घालून त्यांनी तिला अडचणीतून सोडवून टाकलं. अडचण हाच तर तिचा ऐवज होता. त्यावरच्या दूरचित्रवाणी मालिकेला हे सगळं फार मानवलं, हेही खरं.

शॅरन के पेनमन यांची ‘द सन इन स्प्लेंडर’ (१९८२) याहून पुष्कळ वरची. पेशाने वकील असलेल्या या अमेरिकन बाईंचं हस्तलिखित गाडीतून चोरीला गेलं, आणि काही वर्षांनी त्यांनी ते पहिल्यापासून पुन्हा लिहिलं. नऊशेच्या आसपास पानं. रिचर्डवर त्यांचा जीव आहे, तो लपवलेला नाही. पुतण्यांच्या मरणाचा दोष पेनमन रिचर्डच्या साथीदारावर, बकिंगहॅमच्या ड्यूकवर टाकतात. तरी पुस्तक तगतं, कारण चौथा एडवर्ड, लँकेस्टर पक्षाची राणी मार्गारेट, सरदार वॉरिक ही माणसं रिचर्डच्या चांगुलपणाला उठाव देण्यासाठी आणलेली नाहीत. ती स्वतःच्या घाईत, स्वतःच्या चुकांत बुडालेली आहेत. जिथे फक्त रिचर्ड आणि ॲन नेव्हिल उरतात तिथे मात्र वकीलबाई जाग्या होतात. ॲन ही वॉरिकची मुलगी, ट्यूक्सबरीच्या लढाईत विधवा झालेली. थोरल्या मुलीचा नवरा क्लॅरेन्स याने वारशात वाटेकरी नको म्हणून तिला लंडनमध्ये मोलकरणीच्या वेशात लपवलं आणि रिचर्डने तिला शोधून काढलं, असं समकालीन बखर सांगते. एवढा ऐवज हाती आल्यावर प्रेमकथा न लिहिणारा कादंबरीकार विरळा. परंतु त्याच लग्नाची दुसरी बाजू अशी, की सासूची मालमत्ता दोघा जावयांना वाटून घेता यावी म्हणून पार्लमेंटकडून कायदा करून घेतला गेला आणि जिवंत सासू कायद्याने मेलेली धरली गेली. ॲनवर प्रेम करणारा आणि तिच्या आईला कागदावर मारणारा रिचर्ड एकच होता. तो एका पानावर दिसायला हवा.

इथे एक रास्त आक्षेप येतो: राजेच का? त्या लढायांत मेलेले तिरंदाज, त्यांच्या बायका, लडलोचे तबेलेवाले यांचं काय? आक्षेपात तथ्य आहे, आणि राजघराण्याच्या कादंबरीत थोडा श्रीमंतीचा शौकही असतोच: मखमल, ससाणे, बारा प्रकारची पक्वान्नं. तरी एक गोष्ट राजांच्याच बाबतीत शक्य होते. त्यांचे दिवस नोंदलेले असतात. ३० एप्रिलला रिचर्ड कुठे होता हे तपासता येतं, म्हणून कादंबरीकाराला पकडताही येतं. तिरंदाजाबद्दल काहीही लिहिलं तरी चालतं. स्वातंत्र्य जास्त, पैज कमी.

पकडलं जाण्याचा प्रसंग कादंबरीकारांवर खरोखर आला, तोही वाहनतळावर. लेस्टरमधल्या समाजकल्याण खात्याच्या गाड्या उभ्या राहायच्या त्या जागेखाली, रिचर्डला जिथे पुरलं होतं तो, जुना ग्रेफ्रायर्स मठ होता. फिलिपा लँगली या सोसायटीच्या कार्यकर्तीने पाठपुरावा केला, पैसे कमी पडले तेव्हा सभासदांनी वर्गणी काढली, आणि २५ ऑगस्ट २०१२ ला, खोदकामाच्या पहिल्याच दिवशी, पायाची हाडं लागली. ४ फेब्रुवारी २०१३ ला लेस्टर विद्यापीठाने जाहीर केलं की सांगाडा रिचर्डचाच. त्याच्या बहिणीच्या वंशातल्या, कॅनडात जन्मलेल्या एका सुताराच्या डीएनएशी तो जुळला होता. कवटीवर नऊ वार. शिरस्त्राण गेलं होतं हे उघड.

आणि पाठीचा कणा वाकडा. ही गोष्ट बचावपक्षाला जड गेली. विसाव्या शतकात राजसंग्रहातल्या रिचर्डच्या एका चित्राचे क्ष-किरण काढले तेव्हा दिसलं होतं की त्याचा खांदा नंतर उचलून रंगवला आहे. बस, कुबड ही ट्यूडरांची बनावट, हे सिद्ध झालं असं अनेक चाहते मानत होते. आता कळलं की खांद्याशी खाडाखोड झाली होती हे खरं, आणि एक खांदा वर होता हेही खरं. कुबड नव्हतं, हात धडधाकट होता, पण किशोरवयात सुरू झालेला कण्याचा बाक होता. नीट शिवलेल्या कपड्यांत कदाचित झाकला जाणारा. शत्रूंनी खऱ्या दुखण्याची अतिशयोक्ती केली होती आणि मित्रांनी त्या अतिशयोक्तीबरोबर दुखणंही फेकून दिलं होतं. असा बाक घेऊन घोड्यावर चिलखतात लढणारा, आरशात स्वतःला पाहणारा मुलगा पंधराव्या शतकात काय विचार करत असेल, जेव्हा वाकडं शरीर म्हणजे वाकडं मन असं धर्मगुरूही मानत? कादंबरीकाराला याहून मोठं देणं कुठल्या उत्खननातून मिळणार! साधासरळ देह देऊन ज्यांनी त्याची बाजू घेतली त्यांनी त्याच्याकडून हेच काढून घेतलं होतं.

अशा पुस्तकांनी लोक खोटा इतिहास शिकतात, ही तक्रार खोटी नाही. पण कादंबरी वाचूच नये, हा तिच्यावरचा इलाज नव्हे. शेक्सपिअर टाळून कुणी मँचिनीकडे गेलेलं नाही. जे गेले ते शेक्सपिअरवर चिडून किंवा टेबाईंच्या नादाने गेले. वाहनतळही त्या नादानेच खणला गेला. कादंबरीकाराकडून मागायचं ते एवढंच, की त्याने आपले पत्ते दाखवावेत. पेनमन पुस्तकाच्या शेवटी वाचकाला टिपण देतात. मराठीत याहून धाडसी उदाहरण आहे. ‘श्रीमान योगी’ १९६८ मध्ये आली तेव्हा रणजित देसाईंनी नरहर कुरुंदकरांचं प्रदीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून छापलं. त्या पत्रात साधनांची, दंतकथांची आणि शिवाजीमहाराजांच्या व्यक्तिमत्त्वाची रोखठोक चिकित्सा आहे, कादंबरीच्या भावुकतेला मुळीच भीक न घालणारी. कादंबरीच्या पोटातच तिची उलटतपासणी बांधून दिलेली. ‘द डॉटर ऑफ टाइम’च्या पुढच्या आवृत्तीला मँचिनीची दहाबारा पानं कुणी प्रकाशकाने अशीच जोडावीत. इन्स्पेक्टर ग्रँटचा खटला अर्धाअधिक कोसळेल, आणि पुस्तक पूर्वीइतकंच खपेल.